कोरेक की एसआरक्यूआर? क्वालिटेटिव्ह स्टडी लिहायला बसलेल्यांसाठी दोन फुकट चेकलिस्टचा रिव्ह्यू

क्वालिटेटिव्ह स्टडीच्या, म्हणजे आकड्यांऐवजी लोकांचं बोलणं-वागणं समजून घेणाऱ्या अभ्यासाच्या, मुलाखती झाल्या, ट्रान्सक्रिप्ट टाइप झाल्या, कोडिंगही (म्हणजे मजकुराच्या तुकड्यांना नावं देणं) उरकलं आणि आता कोरी फाईल उघडून बसलोय पण पहिलं वाक्यच सुचत नाहीये, अशा अवस्थेतल्या माणसाला गाईडपासून सिनिअरपर्यंत सगळे एकच सांगतात, "कोरेक बघ की." मग तो बिचारा कोरेक (COREQ, म्हणजे अशी स्टडी लिहिताना काय काय सांगायचं त्याची यादी) डाउनलोड करतो, ३२ मुद्दे बघतो आणि आधीपेक्षा जास्त घाबरतो. म्हणून म्हटलं यावर एकदा नीट लिहून टाकू. कोरेक आणि तिच्यासारखीच एसआरक्यूआर (SRQR) या दोन्ही चेकलिस्ट मी स्वतःच्या लिखाणाला वापरते, दुसऱ्यांचे ड्राफ्ट वाचतानाही समोर ठेवते, त्यामुळे कौतुकही आहे आणि तक्रारही आहे. दोन्ही फुकट आहेत, आरोग्य संशोधन नीट लिहिलं जावं म्हणून काम करणाऱ्या इक्वेटर नेटवर्कच्या साइटवर दोन्ही सापडतात, तेव्हा पैसे वाया जायचा प्रश्नच नाही, गेलाच तर वेळ जाईल.

आधी कोरेक. २००७ मध्ये अ‍ॅलिसन टाँग, पीटर सेन्सबरी आणि जोनाथन क्रेग या तिघांनी ही काढली, त्याआधीच्या २२ चेकलिस्टमधले ७६ मुद्दे गोळा करून चाळले आणि ३२ वर आणले. तीन गट केलेत: मुलाखत घेणारे कोण, स्टडी आखली कशी, आणि अ‍ॅनालिसिस करून निघालं काय. ही मुळात मुलाखती आणि फोकस ग्रुप (गटात घेतलेली चर्चा) यांच्यासाठीच आहे, तसं पेपरच्या नावातच लिहिलंय, तरी लोक निरीक्षणावरच्या स्टडीला, डायऱ्यांच्या स्टडीला, सरकारी कागदपत्रं वाचून केलेल्या स्टडीलासुद्धा ही चिकटवतात आणि मग अर्ध्या रकान्यांत "लागू नाही" लिहीत बसतात. जर्नलनंच मागितली असेल तर इलाज नाही, पण आपणहून असं करू नका.

कोरेकमधलं मला सगळ्यात आवडतं ते पहिल्या गटातले आठ मुद्दे. मुलाखत कोणी घेतली, त्याचं शिक्षण काय, काम काय, बाई की पुरुष, ट्रेनिंग होतं का, समोरच्याशी आधीची ओळख होती का, समोरच्याला याच्याबद्दल काय माहीत होतं, आणि याचा स्वतःचा कल कुठे होता. नवीन लोक हे सगळं एका वाक्यात गुंडाळतात, "संशोधकाने आपले पूर्वग्रह बाजूला ठेवून मुलाखती घेतल्या." हे वाक्य वाचलं की माझा विश्वास वाढायच्या ऐवजी कमी होतो, कारण पूर्वग्रह असे बाजूला काढून ठेवता येत नाहीत आणि येत असते तर हा मुद्दा चेकलिस्टमध्ये घ्यायची गरजच पडली नसती. समजा स्टडी रात्रपाळी करणाऱ्या नर्सेसवर आहे आणि मुलाखत घेणारी बाई स्वतः आधी नर्स होती. मग लिहायचं काय? तर हे की ती त्यांच्यातलीच असल्यामुळे नर्सेस मोकळेपणानं बोलल्या, पण त्याच कारणानं "तुम्हाला तर माहितीच आहे" म्हणत बऱ्याच गोष्टी अर्ध्यावर सोडत होत्या, म्हणून तिला मुद्दाम "मला माहीत नाही असं समजून सांगा" असं विचारावं लागलं. असं लिहिलं की वाचणाऱ्याला डेटा कसा तयार झाला ते दिसतं. आता ही दोन वाक्यं कशी लिहायची ते कोरेक सांगत नाही, कोरेक फक्त विचारते की लिहिलंय का, पण विचारते हेच पुष्कळ आहे कारण नाहीतर कोणी लिहीतच नाही.

अजून एक छोटासा मुद्दा आहे ज्याच्याकडे कोणाचंच लक्ष जात नाही, १५ नंबरचा: मुलाखतीच्या वेळी तिथे आणखी कोण हजर होतं? नवरा शेजारी बसलेला असताना बायकोनं दिलेलं उत्तर आणि एकटी असताना दिलेलं उत्तर एकच असेल का? वॉर्डच्या इनचार्ज समोरच्या टेबलावर असतील तर नर्स काय बोलणार? एक ओळ लागते लिहायला, पण त्या ओळीनं सगळ्या उत्तरांचं वजन बदलतं. तसंच १३ नंबर, किती जणांनी नकार दिला आणि का. सगळे "२० जणांच्या मुलाखती घेतल्या" लिहितात, पण विचारलं किती जणांना होतं ते गायब.

आता तक्रारी. कोरेकची मोठी अडचण अशी की ती विचारते साध्या सुरात पण त्यातले काही प्रश्न एका विशिष्ट पद्धतीचं संशोधन गृहीत धरून आलेत. सॅच्युरेशनबद्दल (नवीन मुलाखतींतून नवीन काही निघेनासं होणं) लिहिलंय का, ट्रान्सक्रिप्ट सहभागी लोकांना परत दाखवल्या का, किती जणांनी कोडिंग केलं, कोडिंग ट्री (कोडांचा फांद्यांसारखा तक्ता) दिलंय का, निष्कर्ष सहभागींना दाखवून त्यांचं म्हणणं घेतलं का. नीट वाचलं तर कोरेक असं म्हणत नाही की हे केलंच पाहिजे, ती म्हणते केलं की नाही ते सांगा. पण रकाना रिकामा दिसला की माणसाला धाकधूक होते, आणि मग न केलेल्या गोष्टी केल्यासारख्या लिहायचा मोह होतो, नाहीतर ज्या गोष्टीची त्या स्टडीला गरजच नव्हती ती उगाच केली जाते. रोझलिन बार्बर यांनी २००१ मध्ये बीएमजे या वैद्यकीय जर्नलमध्ये नेमकं हेच मांडलं होतं की चेकलिस्टमधल्या तांत्रिक गोष्टी नुसत्या करून टाकल्या म्हणून संशोधन भक्कम होत नाही. म्हणजे कोरेक यायच्याही आधी!

सॅच्युरेशनचं उदाहरण घ्या. ही कल्पना ग्लेझर आणि स्ट्रॉस यांच्या १९६७ च्या ग्राउंडेड थिअरीतून (डेटातूनच सिद्धांत उभा करायची पद्धत) आली, तिथे तिला नेमका अर्थ होता कारण तिथे सॅम्पल आणि अ‍ॅनालिसिस हातात हात घालून चालतं, थोडं अ‍ॅनालिसिस करायचं, त्यावरून पुढचा माणूस निवडायचा. आता काय झालंय की कुठलीही स्टडी असो, "१२ मुलाखतींनंतर सॅच्युरेशन झाले" असं छापील वाक्य येतं. हा १२ आकडा गेस्ट, बन्स आणि जॉन्सन यांच्या २००६ च्या पेपरवरून पसरला, त्यांनी ६० मुलाखतींच्या डेटावर बघितलं तेव्हा त्यांना बहुतेक कोड पहिल्या १२ मध्येच सापडले होते. पण ते त्यांच्या डेटाबद्दल होतं, त्यांचे लोक बऱ्यापैकी एकसारखे होते आणि प्रश्नही ठरलेले होते, हे मागचं सगळं गाळून फक्त १२ तेवढा उरलाय. रिफ्लेक्सिव्ह थिमॅटिक अ‍ॅनालिसिस करणाऱ्यांनी तर सॅच्युरेशन लिहूच नये, ही पद्धत (संशोधकानं स्वतःची भूमिका मान्य करून डेटातून थीम, म्हणजे मुख्य सूत्रं, काढायची) घडवणाऱ्या ब्राउन आणि क्लार्क स्वतःच म्हणतात की ते त्यांच्या पद्धतीशी जुळत नाही. त्याऐवजी कर्स्टी मॅल्टेरुड आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये मांडलेली इन्फॉर्मेशन पॉवरची कल्पना बघा, म्हणजे स्टडीचा प्रश्न किती आटोपशीर आहे, निवडलेल्या लोकांकडे त्या विषयाचं किती काही सांगण्यासारखं आहे, संवाद किती चांगला झाला, या सगळ्यावरून किती माणसं पुरतील ते ठरवायचं. २२ नंबरच्या रकान्यात मग सरळ लिहा की आम्ही सॅच्युरेशन हा निकष वापरला नाही, कारण हे, आणि सॅम्पल असं ठरवलं. समंजस रिव्ह्यूअरला हे पटतं. सगळे रिव्ह्यूअर समंजस असतात असं मी म्हणत नाहीये.

२६ नंबरही तसाच. थीम आधीच ठरवलेल्या होत्या की डेटातून काढल्या, असे दोनच पर्याय असल्यासारखा प्रश्न आहे. प्रत्यक्षात दोन्हीच्या मधलंच काहीतरी असतं, माणूस डोक्यात काहीतरी घेऊन डेटाकडे जातो आणि डेटा त्याला दुसरीकडे नेतो. या प्रश्नामुळे लोकांना "डेटामधून चार थीम समोर आल्या" असं लिहायची सवय लागते, जसं काही थीम आत दडून बसल्या होत्या आणि आपण नुसतं झाकण उघडलं. कोणी काढल्या, कशा काढल्या, आधी काय ठरवलं होतं आणि मग का मोडलं हे लिहा, चार ओळी लागतात. आणि २७ नंबर, सॉफ्टवेअर. "डेटाचे विश्लेषण एनव्हिवोमध्ये करण्यात आले" हे वाक्य म्हणजे लेख वर्डमध्ये लिहिला असं सांगण्याइतकंच कामाचं आहे. एनव्हिवो, अ‍ॅटलास, मॅक्सक्यूडीए, फुकटातलं टॅगेट, काहीही वापरा, ते कोड लावून ठेवायला मदत करतं, अर्थ आपल्यालाच लावायचा असतो.

आणि जे नाही त्याबद्दल बोलायचं तर, ३२ मुद्द्यांत एथिक्स कमिटीच्या परवानगीचा एकही मुद्दा नाही! संमतीपत्राचा नाही, मर्यादांचा नाही, निधी कोणी दिला त्याचाही नाही. त्यामुळे कोरेकच्या सगळ्या खुणा झाल्या म्हणजे पेपर पूर्ण झाला असं समजणं धोक्याचं आहे. बहुतेक जर्नलं या गोष्टी वेगळ्या मागतातच म्हणून निभावतं, पण थिसिस लिहिणाऱ्याला कोण आठवण करणार.

इथेच एसआरक्यूआर बाजी मारते. ही २०१४ ची, ब्रिजेट ओब्रायन आणि सहकाऱ्यांची, अ‍ॅकॅडेमिक मेडिसिन या जर्नलमध्ये आली. मुद्दे २१ च, आणि मुख्य म्हणजे पेपर ज्या क्रमानं लिहितात त्याच क्रमानं आहेत, शीर्षकापासून सुरू होते आणि निधीपर्यंत संपते. एथिक्स आहे, मर्यादा आहेत, हितसंबंध आहेत. मुलाखती, निरीक्षण, कागदपत्रं, काहीही असलं तरी चालते. आणि तिचं सगळ्यात चांगलं काय तर ती बऱ्याच ठिकाणी "का" विचारते. ही पद्धत का निवडली, हेच लोक का, डेटा असाच का गोळा केला, विश्वासार्हता वाढवायला जे केलं ते का केलं. कोरेकला "हो, पान ६" एवढं उत्तर चालतं, एसआरक्यूआरला चालत नाही. पहिल्यांदा लिहिणाऱ्याला मी तरी हीच देते. २१ मुद्द्यांचे २१ छोटे मथळे करायचे, प्रत्येकाखाली तोडक्यामोडक्या भाषेत दोन-चार ओळी टाकायच्या, की पेपरचा कच्चा ड्राफ्ट हातात येतो. मेथड्स आधी, मग फाइंडिंग्ज, मग चर्चा, प्रस्तावना त्यानंतर, आणि अ‍ॅबस्ट्रॅक्ट सगळ्यात शेवटी, यादीत तो दोन नंबरला असला तरी.

एसआरक्यूआरमध्ये अडतं ते पाचव्या मुद्द्याला, पद्धत आणि पॅरडाइम (ज्ञान कसं मिळतं याबद्दलची संशोधकाची मूळ भूमिका). इथे नवीन माणूस हबकतो आणि मग पुस्तकातून कन्स्ट्रक्टिव्हिझमची (अर्थ माणसंच घडवतात या मताची) व्याख्या उचलून एक जड परिच्छेद ठोकून देतो ज्याचा पुढे कशाशी संबंध नसतो. व्याख्या लिहायची नाहीये. लोक जे बोलले ते घडलेल्या गोष्टीचा पुरावा म्हणून वाचलं, की त्या गोष्टीला ते काय अर्थ देतात म्हणून वाचलं, हे आपल्या डेटाच्या संदर्भात सांगायचंय. नर्स म्हणाली "रात्री कोणी विचारत नाही," यावरून रात्री सुपरवायझर फिरकत नाहीत असा निष्कर्ष काढणार, की तिला एकटं पडल्यासारखं वाटतं असा? जे कराल ते लिहा आणि पुढे फाइंडिंग्जमध्ये त्यालाच धरून राहा. अर्ध्याहून जास्त पेपरांत वरती कन्स्ट्रक्टिव्हिस्ट आणि खाली टक्केवारी, अशी गंमत असते असा माझा आपला अंदाज, मोजलेलं नाही.

बरं, आता जे दोन्हींत जवळजवळ नाहीच त्याबद्दल, कारण खरं घोडं तिथेच अडतं. फाइंडिंग्ज लिहायच्या कशा? कोरेकमध्ये त्यावर चार मुद्दे आहेत, कोट दिलेत का, डेटा आणि निष्कर्ष जुळतात का, मोठ्या थीम स्पष्ट आहेत का, छोट्या आहेत का. एसआरक्यूआरमध्ये दोन. बस! ज्या भागासाठी पेपर वाचला जातो त्याला एवढंच. हा दोष म्हणा किंवा नका म्हणू, चेकलिस्टचं ते कामच नाही, प्रवासाला निघताना बॅगेत काय भरलं ते यादी बघते, जायचं कुठे ते यादीत नसतं. पण लोकांना हे कोणी सांगत नाही आणि ते त्या यादीतच उत्तर शोधत बसतात.

ड्राफ्टमध्ये मला सारखं दिसतं ते असं. थीमचं नाव "कामाचा ताण." खाली एक वाक्य, "सहभागींनी कामाच्या ताणाबद्दल सांगितले." मग कोट. मग "दुसऱ्या सहभागीनेही असेच सांगितले." मग कोट. पुढची थीम, "कुटुंबाचा पाठिंबा." ही थीम नाही हो, हा मुलाखतीतला प्रश्न आहे जो थीम म्हणून परत आलाय. थीमच्या नावातच काहीतरी म्हणणं पाहिजे. "रुग्ण जास्त असल्याचा त्रास कमी, ड्युटी न सांगता बदलल्याचा जास्त," हे नाव वाचलं की लगेच कळतं काय सापडलं, आणि कोणी म्हणू शकतं की मला नाही पटत, दाखवा. मग परिच्छेद दाखवण्यासाठी लिहायचा.

कोटचं म्हणाल तर कोट टाकून पळ काढायचा नाही. आधी सांगा की वाचणाऱ्यानं यात काय बघावं, मग कोट, मग त्यावर तुमचं काय म्हणणं. तीन माणसं तेच म्हणत असतील तर सगळ्यात बोलका एकच ठेवा, बाकीचे दोन तक्त्यात किंवा पुरवणीत जाऊ देत. कोण बोलतंय ते कळायला हवं म्हणून कोटखाली सहभागीचा नंबर द्या, कोरेकमध्ये २९ नंबरला तसं विचारलंयच, आणि मग ते नंबर एकदा स्वतः मोजून बघा. २० जणांपैकी चारच जण सगळीकडे बोलतायत असं निघालं तर रिव्ह्यूअरच्या आधी तुम्हालाच कळलेलं बरं. पण नंबराबरोबर वय, वॉर्ड, नोकरीची वर्षं असं सगळं लावलं तर त्याच हॉस्पिटलातल्या माणसाला ओळखू येईल ती कोण, तेव्हा तिथे हात आखडता घ्या. एसआरक्यूआर हे ओळख लपवण्याचं निदान विचारते, कोरेक नाही.

उलट बोलणारा माणूस कधीही गाळू नका. १९ जणी म्हणतात रात्रपाळी नको आणि एक म्हणते मला रात्रपाळीच आवडते, दिवसा डॉक्टर आणि नातेवाईक डोकं खातात. या एकीमुळे बाकीच्या १९ जणींचं म्हणणं नीट कळतं, की अडचण रात्रीची आहे की रात्री मदत नसण्याची. बहुतेक ड्राफ्टमध्ये ती बाई "अपवाद वगळता" या दोन शब्दांत संपलेली असते.

मुलाखत एका भाषेत आणि पेपर दुसऱ्या भाषेत असेल तर दोन्ही चेकलिस्ट गप्प आहेत, भाषांतराचा वेगळा मुद्दा कुठेच नाही. आपल्यासारख्यांना हा रोजचाच मामला. भाषांतर कोणी केलं, कोडिंग मूळ भाषेत केलं की भाषांतर झाल्यावर, शब्द अडला तिथे काय केलं, हे एसआरक्यूआरच्या डेटा प्रोसेसिंगच्या मुद्द्याखाली स्वतःहून घाला. माझं मत विचाराल तर कोडिंग मूळ भाषेतच करावं आणि जे कोट छापायचे तेवढेच भाषांतर करावेत, वेळही वाचतो आणि बोलणाऱ्याचा सूरही राहतो, पण गाईडला ती भाषा येत नसेल तर हे जमत नाही हेही खरं.

सायकॉलॉजीवाल्यांसाठी तिसरी आहे, एपीएची (अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची) जार्स-क्वाल (JARS-Qual), २०१८ ची. सविस्तर आहे, लिहिणाऱ्यालाही सूचना आणि रिव्ह्यूअरलाही सूचना, आणि वेगवेगळ्या पद्धतींना जागा ठेवते. पण मोठी आहे, पहिल्या ड्राफ्टला घेऊन बसलात तर वाचण्यातच दमाल. एपीएच्या जर्नलला पाठवायचं असेल तर बघा, नाहीतर एसआरक्यूआर पुरे.

रेटिंग द्यायचंच तर एसआरक्यूआरला पाचपैकी चार, एक कापला तो फाइंडिंग्जवर इतकं कमी बोलल्याबद्दल. कोरेकला तीन, आणि मुलाखत घेणाऱ्याबद्दलच्या त्या आठ मुद्द्यांसाठी अर्धा वर. लिहिताना एसआरक्यूआर उघडी ठेवा, कोरेक ड्राफ्ट झाल्यावर काढा आणि जर्नलनं मागितली असेल तरच भरून पाठवा. भरताना पान नंबरच्या रकान्यात नुसता नंबर टाकू नका, मथळ्याचं नाव आणि परिच्छेद लिहा, कारण जर्नलच्या सिस्टिमवर फाईल चढली की पानं सरकतात आणि रिव्ह्यूअर पान ६ वर तुमचं सॅम्पलिंग शोधत बसतो, तिथे त्याला संदर्भसूची दिसते.